माळ ओवण्यापूर्वी

सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात सगळे देव आपापली शस्त्रे देवीला देतात. हा प्रसंग आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यातली एक गोष्ट कानावरून निसटून जाते. शंकराने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातली घंटा, यमाने कालदंड, वरुणाने पाश. ह्याच रांगेत, पाश देऊन झाल्याबरोबर, प्रजापती पुढे येतो आणि अक्षमाला देतो. मग पुन्हा खड्ग, ढाल, परशू असे सुरू होते. महिषासुराशी लढायला निघालेल्या देवीच्या हातात जपमाळ ठेवावी, आणि तीही शस्त्रांच्या मधोमध, असे ज्याने रचले त्याला माळेची ताकद ठाऊक होती. पुढे समुद्र येतो. क्षीरसागर तिला हार देतो, आणि सागर कधीही न कोमेजणाऱ्या कमळांच्या दोन माळा देतो, एक मस्तकी आणि एक उरावर. शेषनाग रत्नांचा नागहार देतो. म्हणजे युद्धाला निघण्याआधी देवी माळांनी मढलेली आहे.

आमच्या नाशिक जिल्ह्यात ही देवी गडावर उभी आहे. वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात आहेत, आणि त्यांतल्या एका हातात माळ आहे. 2022 साली नवरात्राच्या आधी मूर्तीवरचे शेंदराचे जाड कवच उतरवले गेले आणि मूळ कोरीव रूप लोकांना दिसू लागले. गडावर गेल्यावर आपली नजर आधी डोळ्यांकडे जाते, मग नथीकडे, शालूकडे, मग शस्त्रांकडे. पुढच्या वेळी माळेच्या हाताकडेही पाहावे, एवढी माझी विनंती आहे. ही पुस्तिका त्या हातासाठी आहे.

पुस्तिका द्वारकेत तयार झाली ह्यालाही कारण आहे. नाशिकबाहेरच्या वाचकाला द्वारका म्हटले की सौराष्ट्र आठवेल. आमची द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात तो चौक आणि त्याभोवतीची वस्ती. वरून उड्डाणपूल जातो, खाली ट्रक, रिक्षा, एसटी आणि पायी चालणारी माणसे. सिन्नर-संगमनेरकडून वणीला पायी निघालेल्यांना पुणे रस्ता इथेच आणून सोडतो. पुढे पंचवटी, मग दिंडोरी रस्ता. चैत्रात आणि नवरात्रात भगवे झेंडे, ढोल, अनवाणी पाय आणि गळ्यात माळा घेऊन माणसे जाताना दिसतात. इथून जुन्या नाशकात शिरले की भद्रकालीचे देऊळ आहे. सतीची हनुवटी पडली ते हे शक्तिपीठ, अशी श्रद्धा आहे. त्याच जुन्या गावात बडी दर्गा आहे, तिथे तसबीहचे मणी बोटांतून सरकत असतात. पुणे रस्त्याने नाशिकरोडला गेलात तर बाळ येशूचे देवालय आहे, आणि तिथे येणाऱ्यांच्या हातात रोझरी असते. पंचवटीत रुद्राक्ष, तुळस, स्फटिक. एका रिक्षाच्या भाड्यात माणूस इतक्या प्रकारच्या माळा पाहू शकतो, अशी गावे थोडी असतील. मण्यांवर नाम मोजण्याची रीत भारतातून पश्चिमेला गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तसबीहचे तेहतीस किंवा नव्याण्णव, रोझरीचे एकोणसाठ, आपले एकशे आठ. आकडे वेगळे, अंगठ्याची चाल तीच.

माळेचा इतिहास सांगताना लोक ग्रंथांपासून सुरुवात करतात. मला मातीपासून करावीशी वाटते. प्रवरेकाठच्या नेवाशात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 ह्या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाण काळातल्या एका पुरलेल्या मुलाच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या गंजाने एक उपकार केला होता: मण्यांच्या आतला दोरा त्याने शिल्लक ठेवला. तपासणीत त्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस असे दोन्ही धागे असल्याचे दिसले. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते धागे एकत्र पिळले, मणी ओवले, गाठ मारली आणि मूल गेल्यावर ती माळ गळ्यातून काढली नाही. ती माळ जपाची होती, नवसाची होती की नुसती हौसेची, ह्याचे उत्तर माती देत नाही. पण माळ ही अंगाला लागून राहण्याची वस्तू आहे, आणि ती माणसाबरोबर पुढे जाते असे कुणाला तरी वाटले होते, एवढे त्या दोऱ्यावरून कळते.

इथेच मला जे म्हणायचे आहे ते म्हणते. माळेवरचे आपले बहुतेक लेखन जपमाळेवरचे आहे. किती मणी, कोणता मंत्र, कोणते आसन. देवीच्या भक्तीत मात्र मोजायच्या माळेइतकीच मोठी दुसरी एक माळ आहे. ती मोजण्यासाठी नाही, अंगावर वागवण्यासाठी आहे. ती म्हणजे कवड्यांची माळ. तुळजाभवानीच्या आणि रेणुकेच्या आराध्यांची, गोंधळ्यांची, भुत्यांची माळ. शिवाजी महाराजांच्या गळ्यात आपण जी पाहत आलो ती माळ. तिला दीक्षेचा मंत्र लागत नाही, संस्कृत लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. लागतो तो नेम. मंगळवार-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, मिळेल ते आईच्या नावाने घ्यायचे, पौर्णिमा पाळायची, पोत पाजळायचा. माळ-परडी घेतलेल्या बाईला त्या दिवशी तिच्या घरातला पुरुषही अडवत नाही. ह्या माळेला शास्त्राच्या माळेपेक्षा खालची पायरी देण्याची सवय आपल्या शिकलेल्या घरांना लागली, आणि ती मोडावी असे मला मनापासून वाटते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी गोंधळी, भुत्ये, आराधी, पोतराज ह्यांच्याकडे लोकसंस्कृतीचे उपासक म्हणून पाहायला शिकवले, आणि एकनाथांनी तर त्याच्या कितीतरी आधी जोगवा आणि गोंधळ आपल्या रचनांत घेऊन संतवाङ्मयात त्यांना जागा दिली. आपण मात्र अजून देवघरात रुद्राक्ष ठेवतो आणि कवड्या यात्रेतल्या दुकानात सोडून येतो.

आमच्या वस्तीतल्या एका आराधीण मावशींना मी जुनी माळ पुन्हा ओवताना पाहिले. कवड्या इतक्या वर्षांच्या भंडाऱ्याने आणि घामाने पिवळ्याजर्द झालेल्या, दातांच्या फटींत हळद बसलेली. त्यांनी आधी त्या आकाराने लावून घेतल्या, मोठ्या छातीवर येतील अशा मध्ये, बारीक मानेकडे. दोन नव्या कवड्या घालायच्या होत्या. त्यांची फुगीर पाठ त्यांनी पाट्याच्या खरबरीत कडेवर घासली. पांढरी भुकटी पडत राहिली आणि मग एकदम भोक दिसले. लाल सुती गोफ पाठीच्या भोकातून घालायचा, दातेरी तोंडातून काढायचा, तोंड बाहेर आणि फुटकी पाठ छातीला. प्रत्येक कवडीनंतर गाठ. मी म्हटले, मावशी, सलग ओवली तर लवकर होईल. त्या म्हणाल्या, "व्हईल की ताई, पण मग एक सुटली की समद्याच पडत्यात. गाठ असली म्हंजे एकच जाती." मग मी विचारले, ह्याच्यावर जप करता का? मान वर न करता त्यांनी सांगितले, "मोजायला बोटं हायेत. ही घातली का खोटं बोलता येत न्हाई."

जपमाळेच्या कुठल्याही विधीत मला ह्याहून नेमके काही सापडले नाही. जपमाळ मन बांधते, कवड्यांची माळ वागणे बांधते. दोन्ही देवीच्याच.

कवडी येते समुद्रातून. आपल्याकडे आलेल्या कवड्यांचा मोठा साठा मालदीवच्या बेटांवरून येत असे, आणि कित्येक शतके ती चलन होती. बंगाल-ओडिशात तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाजार कवड्यांवर चालला. आपल्या बोलण्यात ती सर्वांत हलक्या किमतीची खूण म्हणून राहिली, आणि त्याच वेळी देवीच्या गळ्यात सर्वांत मानाच्या जागी बसली. तिच्या आकारात स्त्रीच्या जननशक्तीचे रूप पाहण्याची दृष्टी अनेक संस्कृतींत आहे, म्हणून ती मातृदेवतेची. ह्या कवडीचा एक प्रवास मात्र काळजाला लागणारा आहे. मालदीवच्याच कवड्या युरोपीय व्यापाऱ्यांनी जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या मोजून माणसे विकत घेतली. त्यांतल्या, गुलाम करून क्युबा-ब्राझीलला नेलेल्या योरुबा लोकांनी आपल्या देवता सोबत नेल्या: नदीची ओशून, समुद्राची येमाया. त्यांच्या भक्तांना आजही दीक्षेच्या वेळी मण्यांच्या माळा गळ्यात घालतात. ओशूनची पिवळी, मधाच्या रंगाची. येमायाची निळी आणि पांढरी. कौल लावायला त्यांच्याकडे सोळा कवड्या असतात. ज्या कवडीने त्यांना विकले, तीच त्यांनी देवापुढे मांडली. तुळजापूरच्या आराधिणीला हवानातली भक्तीण कधी भेटणार नाही, पण दोघींना एकमेकींच्या गळ्यातले ओळखता येईल.

गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेतल्या देवीउपासक स्त्रियाही माळा करू लागल्या आहेत. ख्रिस्तपूर्व देवतांकडे परत वळलेल्या ह्या बायकांना परंपरेतून मणी मोजून मिळालेले नाहीत, म्हणून त्या स्वतः ठरवतात: वर्षातल्या तेरा पौर्णिमांचे तेरा मणी, चंद्राच्या वाढत्या, पूर्ण आणि घटत्या रूपांसाठी पांढरा, लाल, काळा. आपल्यातल्या काहींना हे हौसेचे वाटेल. मला वाटत नाही. माळ बनवणे हीच त्यांची पूजा असते, आणि हे आपल्याला अनोळखी नसावे. नवरात्रात घटावर रोज एक माळ चढवताना आपल्या घरची बाई दुसरे काय करते? कारळ्याची पिवळी फुले, तिळाची फुले, झेंडू, विड्याची पाने, ज्या घरची जी रीत असेल ती. आदल्या दिवशीची काढायची नाही, तिच्या शेजारी नवी सोडायची. शेजारीण विचारते, आज कितवी माळ? आणि सातवी म्हटले की दोघींना दिवस कळतो. नऊ दिवस हेच मणी आणि घट हाच मेरू. मोजणे, बनवणे आणि वाहणे अशी तिन्ही कामे ह्या एका रिवाजात एकत्र आहेत, आणि ते करणाऱ्या बाईला आपण जपसाधना करतो आहोत असे कुणी कधी सांगितलेले नसते.

एका माळेबद्दल मात्र लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूरचा सीमाभाग, बेळगाव, पुढे सौंदत्तीची यल्लम्मा ह्या पट्ट्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे ‘दर्शन’ मुलींच्या गळ्यात बांधले गेले, आणि ते बांधले की तिचे लग्न देवीशी लागले, असे ठरले. केसात जट दिसली, घरात आजार आला, मुलगा हवा होता, अशा कारणांनी सात-आठ वर्षांच्या मुली जोगतिणी झाल्या; मुलगेही जोगते झाले. पुढे त्यांच्या वाट्याला जे आले ते राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ कादंबरीत वाचावे. ब्रिटिश मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला, कर्नाटकात 1982 साली, महाराष्ट्राने 2005 साली देवदासी प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. कायद्याने बांधणारा हात अडवला, तरी मनातली भीती उरते. म्हणून ह्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे आणि इथे पुन्हा लिहिते: माळ दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची नाही. लेकराच्या तर नाहीच. ज्याला नेम कळतो आणि जो मोडायलाही मोकळा आहे, त्यानेच तो घ्यावा. देवीने मागितली म्हणून मूल वाहणारा माणूस देवीचे नाव घेऊन आपले ओझे तिच्या गळ्यात टाकतो.

ह्या बाजूने कोजागिरीच्या रात्री सप्तशृंगगडावर जे घडते ते मला फार मोलाचे वाटते. दूरदूरच्या नद्यांचे पाणी खांद्यावर घेऊन कावडीवाले चढतात, आणि तृतीयपंथी भक्तांचा छबिना निघतो. गळ्यात कवड्या, कपाळी मळवट, डोक्यावर देवीचा मुखवटा. ज्यांना गावाने दारात उभे केले नाही त्यांनी ही माळ स्वतःहून घेतली आणि तिच्या बळावर गावासमोर उभे राहिले.

आता कृतीकडे. पुढच्या पानांत सगळे तपशील आकृत्यांसह आहेत, मी थोडेच सांगते.

जपमाळ कशाची असावी ह्यावर अक्षमालिका उपनिषदात दहा पदार्थ येतात: पोवळे, मोती, स्फटिक, शंख, चांदी, सोने, चंदन, पुत्रजीवीच्या बिया, कमळकाकडी आणि रुद्राक्ष. प्रत्येक मण्यात एकेका अक्षराची स्थापना करायची, अशी तिथली कल्पना आहे. म्हणजे माळ फिरवणारा वर्णमालाच फिरवतो. देवीसाठी आपल्याकडे रक्तचंदन, पोवळे, स्फटिक जास्त चालते, लक्ष्मीसाठी कमळकाकडी. पोवळ्याच्या नावाखाली रंगवलेले पुष्कळ मिळते, आणि आता साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या कवड्याही आल्या आहेत. खरी कवडी हाताला गार लागते आणि तिचे दात एकसारखे नसतात. दहा कवड्या हुबेहूब सारख्या दिसल्या तर त्या समुद्रातल्या नाहीत. ऐपत नसेल तर लाकडाचा साधा मणी घ्यावा. खोट्या पोवळ्यापेक्षा खरे लाकूड बरे.

गुंजांचा मोह अनेकींना होतो, लाल-काळ्या गुंजा देवीला शोभतातही. पण गुंजेचे टणक साल फुटले की आतले बी अतिशय विषारी असते. घरी गुंजेला भोक पाडू नये, तिची भुकटी उडू देऊ नये, आणि लहान मूल किंवा गुरे असलेल्या घरात गुंजांची माळ ठेवूच नये. ह्या बाबतीत मी हट्टी आहे.

आठ मिलिमीटरचे एकशे आठ मणी म्हणजे साडेशहाऐंशी सेंटिमीटरच्या आसपास नुसते मणीच होतात. मधल्या गाठी, मेरू आणि गोंडा धरून दोरा त्याच्या निदान तिप्पट घ्यावा, कारण गाठी दोरा खातात. दोऱ्याला मेण लावून घ्यावे. गाठ मण्याला टेकली पाहिजे, पण इतकी घट्ट नको की मणी फिरणार नाही. गाठीने मणी एकमेकांवर घासत नाहीत, आणि डोळे मिटल्यावर अंगठ्याला एक मणी संपून दुसरा आला हे कळते. सराफ बाजारात मंगळसूत्र गाठवून देणारे कारागीर हे काम डोळे मिटून करतात. त्यांच्याशेजारी तासभर बसायला मिळाले तर ही पुस्तिका बाजूला ठेवून बसावे. हाताची गोष्ट हाताकडून लवकर कळते.

वापराचे नियम पुष्कळ सांगितले जातात. मेरू ओलांडू नये, तिथून माळ उलटी फिरवावी. तर्जनी लावू नये. मधल्या बोटावर माळ घेऊन अंगठ्याने मणी ओढावा. गोमुखीत हात ठेवावा. माळ जमिनीला लागू देऊ नये. हे पाळावे, कारण हाताला शिस्त लागली की मनाला लागायला सोपे जाते. पण पाळीच्या दिवसांत माळेला हात लावू नये हा नियम मी ह्या पुस्तिकेत येऊ दिलेला नाही. संपादन करणाऱ्या आम्ही बायका त्यावर बोललो, आणि आमचे एकमत झाले. ज्या देवीच्या कवडीत आपण जननशक्ती पाहतो तिला त्याच शक्तीचा विटाळ कसा होईल?

राहिला प्रश्न वाढलेल्या माळेचा. माळ वाढली की घर घाबरते, काहीतरी होणार म्हणून. होत काही नाही. दोरा जुना झालेला असतो. तरीही मणी गोळा करून लोक गोदावरीवर जातात आणि नायलॉनच्या दोऱ्यासकट, प्लास्टिकच्या गोंड्यासकट, कधी पिशवीसकट नदीत सोडतात. रामकुंडाच्या पाण्याची स्थिती नाशिककरांना वेगळी सांगायला नको. गोदामाईलाही आपण आईच म्हणतो. मणी शाबूत असतील तर ते साध्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा ओवावेत. कवड्यांना तर काळाचे भय नाही. सासूची माळ सुनेने, आईची लेकीने पुन्हा ओवून घातलेली आहे, फक्त तिने ती स्वतः मागितलेली असावी. फुटलेला मणी तुळशीच्या किंवा एखाद्या झाडाच्या बुडाशी मातीत ठेवावा. आणि नवा दोरा सुती घ्यावा, म्हणजे पुढे कधी तो टाकायची वेळ आली तर मातीला तोही पचेल.